ढिगाऱ्यातलं दार

“काका, नादारीचा अर्ज करूया. कोर्टाने दिवाळखोर ठरवलं की पेन्शनला कोणी हात लावणार नाही, वसुलीवालेही थांबतील,” वकील पुतणी जागृती म्हणाली. तुळिंजच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून माझ्या जुन्या घराचं दार उभं होतं. महापालिकेने आमची बिल्डिंग बेकायदा ठरवून पाडली, तेव्हा ढिगाऱ्यातून मला तेवढंच मिळालं. मी उसळलो. “खोटे कागद बिल्डरने केले. बँकेने डोळे मिटून त्यावर कर्ज दिलं. घर गेल्यावरही तुझी काकू आजारी पडेपर्यंत मी हप्ते भरले. आणि दिवाळखोर मी?” “कायद्यात तसंच म्हणतात, काका.” “मग त्या बिल्डरला काय म्हणतात?” मी दाराचं एक टोक उचललं. “धर पलीकडून.” “कुठे न्यायचं?” “बोळिंजला. त्याने काचेचं नवं ऑफिस थाटलंय तिथे. अर्जावर सही करतो मी, पण आधी त्याने हे दार उघडून मला माझं घर दाखवावं.”