समोरच्या काठावरची ओइली

इलोनाने नकाशा ओल्या फळ्यांवर पसरला, तशा धक्क्यावर सतरंज्या धुणाऱ्या बायकांनी हातातले ब्रश खाली ठेवले. नदीवर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी नवा पूल व्हायचा होता. तुर्कू शहराच्या महापालिकेची ही पोरगी जागा पक्की करण्याआधी लोकांना विचारायला आली होती.

“दोन जागा आहेत,” ती म्हणाली. “एक वर, जुन्या गिरणीपाशी. दुसरी इथेच. पण इथे झाला तर हा धक्का काढावा लागेल.”

“ताय्मी, तूच सांग,” बाकीच्या म्हणाल्या. ताय्मी त्यांच्यात सगळ्यांत मोठी, आणि धक्का जाऊ द्यायचा नाही हे सगळ्यांचं आधीच ठरलं होतं.

ताय्मी अजूनही गुडघ्यांवर बसून सतरंजी घासत होती. घरातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेली सतरंजी, पाइनच्या साबणाने फेसाळलेली. दर उन्हाळ्यात ती इथे धुवायला येई, आणि दर उन्हाळ्यात नदीपलीकडे, समोरच्या धक्क्यावर ओइली असे. दोघींची ओळखच मुळी भांडणातून झालेली.

“तुझा फेस माझ्याकडे वाहून येतोय!” ओइली ओरडली होती.

“मग फुकटात धुऊन घे की!”

तेव्हापासून जी जुंपली ती सुटलीच नाही. काय दिवस होते ते! सतरंज्या कठड्यावर वाळत पडल्या की दोघी एकमेकींचं घर वाचत. पिवळा पट्टा म्हणजे ताय्मीच्या लेकीचा शाळेतला फ्रॉक, तांबडा म्हणजे ओइलीच्या स्वयंपाकघरातले पडदे. एका उन्हाळ्यात ताय्मीच्या सतरंजीत रुंद निळा पट्टा आला. “नवऱ्याचे शर्ट?” ओइलीने विचारलं. ताय्मीने नुसती मान डोलावली. त्या दिवशी ओइलीने तिला एकदाही चिडवलं नाही.

एवढं असून दोघी एकमेकींच्या घरी कधी गेल्या नाहीत. कमर धड होती तेव्हा गाड्यांच्या पुलावरून वळसा घालून जाता आलंही असतं. पण बोलावल्याशिवाय कुणाच्या दारी जायचं कसं? आणि बोलावणं काय नदीवरून ओरडून करायचं? लोक काय म्हणतील! म्हणून ते राहिलं ते राहिलंच.

यंदा समोर ओइली होती, सतरंजी नव्हती. तिचे गुडघे गेले होते. वॉकर बाजूला लावून ती आपल्या दारापुढच्या बाकावर बसली होती.

“ए ताय्मी! काय म्हणते गं ती पोरगी?”

“इथे पूल बांधू का म्हणते!”

“नको म्हण! तुझा धक्का जाईल! माझं सोड, मी आता बघ्यांतली!”

ताय्मीने सतरंजी तशीच टाकली आणि इलोनाकडे वळली.

“पोरी, पूल गिरणीपाशी झाला, तर इथून त्या बाकापर्यंत जायला किती चालावं लागेल?”

“अर्धा तास तरी. मधे चढ आहे.”

“माझ्या या कमरेने?”

इलोनाने नकाशावरचं बोट गिरणीपासून मागे घेतलं.

“मग इथेच बांधा.”

“अगं, आपलं ठरलं काय होतं!” शेजारची मार्केत्ता भडकली. “आणि सतरंज्या काय डोक्यावर धुवायच्या?”

“धुऊ कुठेतरी,” ताय्मी म्हणाली. सगळं आयुष्य ज्या फळ्यांवर घासून काढलं त्या आता निघणार, या विचाराने तिला रडू येत होतं. पण ते बायकांना दाखवायची तिची तयारी नव्हती. कठड्याला धरून ती कशीबशी उभी राहिली आणि हाताचा कर्णा केला.

“ओइली! पूल झाला की मी तुझ्याकडे कॉफीला येणार!”

बायकांनी माना खाली घातल्या. असं कुणी आपणहून, तेही ओरडून, म्हणतं का?

ताय्मीचे कान लाल झाले. मग वॉकरला धरून ओइली हळूहळू उठली.

“साखर किती घेतेस गं?”