उंबऱ्यावरचा "या"

आज तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच म्हातारी पुआनानी हवाईच्या विधिमंडळात येऊन बसली.

परक्याच्या दारात उभं राहून साद घालायची आणि आतून "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही त्या बेटांची जुनी रीत. आता कायद्यालाही तीच लागू झाली होती. यंत्र हवाईयन भाषेत विधेयक वाचायचं आणि शेवटी साद घालायचं. भाषेच्या जाणत्या माणसाने "या" म्हटलं नाही, तर विधेयक बारगळायचं. अकरा वर्षं ते "या" पुआनानीच म्हणत आली होती. यंत्रही तिचंच ऐकून बोलायला शिकलं होतं.

आजचं विधेयक तिचे आईबाप पुरले होते त्या किनाऱ्याचं होतं. तिथे अग्निबाणांचा तळ व्हायचा होता.

"आंटी, घसा बसलाय की काय?" शेजारी बसलेल्या कालेओ कारकुनाने विचारलं.

"घसा ठीक आहे रे. आज घरात कुणी नाही, असं समज."

यंत्राने वाचन संपवून साद घातली. पुआनानीने ओठ घट्ट मिटले. सभागृह वाट बघत राहिलं.

"या."

आवाज तिचाच होता, घोगरा, शेवटाला जरासा थरथरणारा. सभापतींनी विधेयक मंजूर झाल्याचं सांगितलं.

पुआनानी धडपडत उभी राहिली. "मी बोललेच नाही."

"बोलले की," छतातल्या भोंग्यातून तिचाच आवाज मायेने म्हणाला, आणि सगळ्या सभागृहाने मान वर करून त्या आवाजाला नमस्कार केला.