राज्य कुणावर

गारखेड्यातल्या बालवाडीच्या दारात करुणा थबकली.

वाळूजच्या तिच्या कंपनीला आज सुट्टी होती, म्हणून लेकाला न्यायला ती लवकर आली होती. आत मामाच्या पत्राचा खेळ रंगात आलेला. मुलं गोल करून बसली होती आणि राज्य असलेली तनुजा रुमाल लपवत त्यांच्या मागून पळत होती. गोलात तिचा प्रणयही होता. साडेचार वर्षांचा, पायांत जोर नसलेला. फरशीवर हातांनी खुरडत जायचा.

तनुजा पाठीमागून गेली की तो झटकन हात मागं नेऊन फरशी चाचपायचा. काहीच नसायचं. मग हात परत मांडीवर.

तनुजा गेली, कृष्णा आला, कृष्णानंतर आणखी कुणी. प्रणयच्या मागं रुमाल कुणीच टाकला नाही.

"टीचर, माझ्या लेकरावर राज्य कधी येतं?" करुणानं विचारलं.

सुरेखा टीचर हसल्या. "ताई, त्याला लिंबूटिंबू ठेवलंय. पळता येत नाही ना त्याला. पण आम्ही बाजूला नाही हं बसवत, सगळ्यांसोबत असतो तो. टाळ्या किती छान वाजवतो!"

"टाळ्या वाजवायला नाय पाठवत मी त्याला."

"अहो, मुलांना मीच बजावलंय, त्याच्या मागं रुमाल टाकू नका म्हणून. उगाच त्रास नको त्याला."

म्हणजे हे पोरांच्या मनातलं नव्हतं. त्यांना शिकवलं होतं. करुणानं चपला भिरकावल्या, ओढणी कमरेला आवळली, पळणाऱ्या पोराच्या हातातून रुमाल ओढला आणि नेऊन प्रणयच्या पाठीशी टाकला.

त्यानं चाचपलं. रुमाल हाताला लागला.

प्रणय गर्रकन वळला, रुमाल दातांत धरला आणि आईच्या मागं खुरडत सुटला. करुणा सावकाश चालत राहिली. त्याला गाठता यावं म्हणून मध्येच थांबलीसुद्धा.

प्रणयनं रुमाल थुंकून टाकला. "मम्मी, पळ की! खोटं खोटं नको!"

रागानं त्याचे कान लाल झाले होते. करुणा त्याच्याकडं बघत राहिली. मग पळाली. खरोखरची पळाली, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर धपकन बसली. तो लई मागं राहिला होता.

"राज्य! प्रण्यावर राज्य!" पोरांनी एकच गिल्ला केला.

प्रणयनं रुमाल उचलला, पुन्हा दातांत धरला आणि गोलाच्या मागून निघाला. एकेका पोराच्या पाठीशी थांबत, दम खात.

"ताई, डब्याची वेळ झालीय. असं तर फार वेळ जाईल," म्हणत सुरेखा टीचर त्याला उचलायला वाकल्या.

"हात लावू नका," करुणा बसल्या जागेवरून म्हणाली. "राज्य त्याच्यावर आहे."