दोन कॉम्प्युटरांचं एकमत

माझ्या लहानग्या मल्हारचा आजार इंदापूरच्या दवाखान्याने कॉम्प्युटरमध्ये 'आकडी' लिहिला, बारामतीच्या दवाखान्याने 'झटके'. इंदापूरची फ्लॉपी एसटीने बारामतीला यायची खरी, पण आजाराचं नाव जुळल्याशिवाय कॉम्प्युटर जुनी माहिती दाखवायचा नाही. त्यामुळे मल्हारला कोणतं इंजेक्शन चालत नाही, हे दर वेळी मलाच सांगत सुटावं लागे.

मग साहेबलोकांच्या बैठका झाल्या, चहापाणी झालं.

काल बारामतीचे ऑपरेटर सिकंदरभाई म्हणाले, "मिटलं बघा ताई. दोन्हीकडं आता एकच नाव हाय."

मी पडद्यावर वाकून पाहिलं. आजाराच्या जागी लिहिलं होतं, 'इतर'.

"आणि त्याला न चालणारं इंजेक्शन?"

"त्ये बी 'इतर'मधीच घेतलंय. तुमी आता निर्धास्त ऱ्हावा."