सव्वाचारची रेघ

नवी पूररेषा आखायची म्हणून मोजणीला आलेला इंजिनियर भिंतीसमोर थबकला. मातकट भिंतीवर खिळ्याने कोरलेल्या सात रेघा होत्या, एकीवर एक, आणि प्रत्येकीपुढे वेळ. सगळ्यात वरची त्याच्या हनुवटीशी आली होती.

"काकू, हे फार कामाचं आहे. पण जुन्या नकाशात तुमचं घर पुराच्या बाहेर आहे. ते बदलायचं तर रेघा ज्यांनी मारल्या त्यांची सही लागेल. नुसत्या भिंतीवर आमचे साहेब विश्वास ठेवत नाहीत."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र तसूभरही चढला नाही.

"नकाशावर तेवढा ठेवायचा, नाही का? ह्यांनी ठेवला. पूर आला तेव्हा आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर गेलो, तर हे म्हणाले, नकाशात आपलं घर कोरडं आहे, पाणी आलंच तर गुडघाभर येईल. मी थांबतो, तासातासाला खूण करतो, मोजणीवाल्यांना उपयोगी पडेल."

इंजिनियरने टेपचं टोक वरच्या रेघेला लावलं. "म्हणजे पाणी जास्तीत जास्त इथवर आलं. सव्वाचार वाजता. बरोबर?"

काकूंनी त्याच्या हातातून टेप घेतली, स्टुलावर चढल्या आणि तिचं टोक छताला टेकवलं.

"इथवर आलं. सव्वाचारनंतर रेघ मारायला घरात कोणी उरलं नव्हतं. लिही, आणि सही माझी घे."