हुकमाची तारीख

खोलीत सहा खोकी होती. पाचांना चिकटपट्टी लागली होती, सहावं उघडं. भिंतीत चार खिळे, एकावर टोपी, तीन रिकामे. टेबलावर एक लॅपटॉप आणि नोकरीचे तीन करार.

“मोज,” शशिकांत सर म्हणाले. “चार वर्षांच्या वर एक दिवस जरी भरला, तरी आयर्लंडचा कायदा मला कायम करतो. नाहीतर आजचा शेवटचा.”

सुनेत्राने लॅपटॉप पुढे ओढला. झारच्या रशियातल्या प्राध्यापकांची नोकरी किती भरली, पंचवीस वर्षं होऊन पेन्शन मिळालं की त्याआधीच काढलं, याची मोजदाद ती सरांच्याच हाताखाली करत होती.

“सरकारी अधिकारी होते बिचारे,” सर म्हणाले. “काढताना कारणही सांगायचं नाही, अशी सोय होती कायद्यात. पण निदान गणवेश असायचा, कमरेला तलवार. मला काय, तर गळ्यात ओळखपत्राची दोरी, लॅनयार्ड.”

ती हसली नाही. “सहा सप्टेंबरपासून धरते, सर. तुमच्या पहिल्या लेक्चरला मी समोरच बसले होते. तसं लिहून देईन.”

“पहिल्या करारावर काय आहे?”

“सत्तावीस. पण सहीला उशीर ऑफिसनं केला! तिथली बाई तर म्हणाली होती, तारखेचं काय घेऊन बसलात, यू’ल बी ग्रँड, सगळं ठीक होईल.”

मागच्या हिवाळ्यात व्होल्गाकाठच्या एका प्राध्यापकावरून ती अशीच हटून बसली होती. नेमणुकीचा हुकूम यायच्या आधी तो सबंध सत्र शिकवत होता. ते महिने धरले, तर त्याची पंचवीस वर्षं भरत होती. ‘हुकमाच्या तारखेपासून मोजायचं,’ सरांनी बजावलं होतं. ‘माणूस कधीपासून राबला, ते कायदा विचारत नाही.’ आणि तिने त्याच्या नावापुढे ‘अपात्र’ लिहिलं होतं.

“तो कधीच मेलेला माणूस होता, सर.”

“म्हणून त्याला एक नियम आणि मला दुसरा?” सरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला नाही. “मोज गं.”

तिने सत्तावीस तारीख टाकली. आलेलं उत्तर कागदावर पुन्हा करून पाहिलं, लीप वर्षाचा दिवस धरून.

हवे होते चौदाशे एकसष्ट दिवसांच्या वर. भरले चौदाशे सत्तेचाळीस.