निळ्या दारासमोर एक मिनिट

“पांढरी पट्टी मले बांध,” पार्वताबाई म्हणाली आणि तिनं उजवा दंड पुढं केला.

पदयात्रेची कार्यकर्ती हर्षा सगळ्यांच्या डाव्या दंडाला पट्टी बांधत होती. पण पार्वताबाईचा डावा हात नेहमीच दुखायचा, कोणी धरलेला तिला खपत नसे. मग हर्षानं उजव्याला बांधली.

पदयात्रेची रीत समितीनं आधीच ठरवून दिली होती. जे कॅन्सरमधून वाचले त्यांच्या गळ्यात पिवळा दुपट्टा. ज्यांच्या घरचं माणूस दगावलं त्यांना पांढरी पट्टी, आणि हातात त्या माणसाचा हार घातलेला फोटो. पार्वताबाईनं गठ्ठ्यातला एक पिवळा दुपट्टा ओढला आणि आपल्याजवळचा फोटो त्यात गच्च गुंडाळला. धूळ बसते म्हणाली. दुपट्टे वाचलेल्यांसाठी होते, पण हर्षानं तो घेऊ दिला. या बाईला नाही म्हणायची सोय नव्हती.

समितीची मंडळी भंडाऱ्याची. पवनीत यात्रा काढायची तर गावात फिरणारं कोणीतरी हवं होतं, आणि पार्वताबाई आपणहून आली. लाखांदूरला भावाकडे राहायची, तिथून एसटीनं यायची. महिनाभर तिनं, एक गल्ली तेवढी सोडून, घरोघरी जाऊन बाया गोळा केल्या. नागपूरच्या दवाखान्यात कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, सलाईननंतर ओकारी आली तर काय चघळायचं, सगळं तिला तोंडपाठ. तिचं मोकळं कपाळ पाहून कोणी जास्त विचारत नसे.

भांडली ती एकाच गोष्टीसाठी. समितीचे अध्यक्ष भैयाजी म्हणत होते, यात्रा सरळ मोठ्या रस्त्यानं न्यावी. पार्वताबाई हट्टाला पेटली. मोठ्या रस्त्यावर ट्रकवाले पाहतील, यात्रा गल्लीतून गेली तर बाया दारात येतील, असं तिचं म्हणणं. शेवटी भैयाजींनी हात टेकले.

दगावलेल्या माणसाच्या घरासमोर एक मिनिट शांत उभं राहायचं, हीसुद्धा तिचीच कल्पना. सगळ्यांना ती फार आवडली. भैयाजींचे तर डोळे पाणावले.

यात्रा निघाली. घोषणा देत, पत्रकं वाटत बाया चालल्या होत्या. सकाळची वेळ, रविवार, त्यामुळं माणसं घरीच होती. पार्वताबाईनं मुद्दाम रविवार मागून घेतला होता.

हर्षा तिच्याबरोबर चालत होती. निळ्या दाराचं घर पुढच्या वळणावर आहे, हे तिला ठाऊक होतं. पार्वताबाई लग्न होऊन त्याच घरात आली होती.

“काकी, तिथल्या लोकाईले आधी सांगून येऊ का?” हर्षानं विचारलं.

“नको. सांगशील तं दार लावून घेतील.”

“एवढे वाईट हायेत का?”

मग चालता चालता पार्वताबाईनं सांगितलं. आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी घरात ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. दुसऱ्या दिवशी अंथरूण पडवीत गेलं. हा रोग शिवल्यानं होतो, अशी त्या घराची खात्री. दवाखान्यात कोणी भेटायला आलं नाही. वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. आणि इकडे नागपूरला सलाईन चालू असताना त्याच अंगणात लग्नाचा मांडव पडला, बँड वाजला.

“आजारी माणसाले सांगतलंबी नाही,” पार्वताबाई म्हणाली. “बाहेरून कयलं.”

हर्षाला भडभडून आलं. असल्या लोकांना चारचौघांत सुनवायला पाहिजे, असं ती म्हणाली.

“मी काहीच बोलनार नाही,” पार्वताबाई म्हणाली. “नुसती उभी राहीन.”

तिच्या मनातला राग इतक्या वर्षांत जरासुद्धा निवला नव्हता. उलट रोज सकाळी चुलीत काडी सारावी तशी ती त्यात काडी सारत आली होती. देव त्यांना बघून घेईल असं भाऊ म्हणायचा. तिला देवावर सोडायचं नव्हतं. त्या गल्लीनं बघावं, त्या दारानं बघावं, एवढ्यासाठी ती जगली होती.

वळण आलं. निळं दार अर्धं उघडं होतं. आत रेडिओ लागला होता.

भैयाजींनी हात वर केला आणि यात्रा थांबली. याच घरातलं एक माणूस या रोगानं आपल्यातून गेलं, असं त्यांनी जड आवाजात भोंग्यावर सांगितलं आणि सगळ्यांना माना खाली घालायला लावल्या. गल्लीतल्या बाया पदर सावरून ओट्यावर उभ्या राहिल्या.

पार्वताबाईनं फोटोवरचा दुपट्टा सोडला. झेंडूचा हार नीट केला. फोटो दाराकडे तोंड करून छातीशी धरला. मग तिनं तो पिवळा दुपट्टा झटकला आणि सावकाश स्वतःच्या गळ्यात घातला.

हर्षानं चमकून पाहिलं. काकीचं काहीतरी चुकलं असं तिला वाटलं, पण शांतता मोडायची कशी?

आत रेडिओ बंद झाला. गालांना साबण फासलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस दारात आला. त्याच्या पाठोपाठ ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई आली. एवढी गर्दी, खाली घातलेल्या माना, कोणाच्या तरी फोटोवर हार. कोणीही केलं असतं तेच त्यानं केलं. वस्तरा खाली ठेवला, हात जोडले आणि मेलेल्या माणसासाठी मान झुकवली.

मग त्यानं मान वर केली, आणि झेंडूच्या हारातून त्याचाच चेहरा त्याच्याकडे पाहत होता.